बारावी आणि ऑडिशन : राग दिवाळीपर्यंत बसलेला हवा

संगीतातच पदवी करायची असं घरात ठरलं की पहिला वाद मार्कांवरून होतो. एका बाजूचं म्हणणं, ‘गाणंच करायचंय ना, मग मार्कांना कोण विचारतंय?’ दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ‘आधी ऐंशी टक्के आण, मग बघू.’ आमच्या मते दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर आहेत. बहुतेक ठिकाणी बारावीचे गुण ही पात्रतेची अट असते. ती ओलांडली की पुढचं सगळं ऑडिशनवर. पण काही ठिकाणी लेखी परीक्षेचे गुण थेट गुणवत्ता यादीत मोजले जातात, आणि तिथे नुसता गळा तयार असून भागत नाही. त्यामुळे अकरावीतच आपली तीन-चार ठिकाणं ठरवावीत आणि प्रत्येक ठिकाणी कशाला किती वजन आहे ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून एका कागदावर उतरवून घ्यावं. सीनियर मुलांनी सांगितलेल्या गोष्टींवर विसंबू नये. नियम बदलतात.

पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, ज्याला सगळे गुरुकुल म्हणतात, तिथे किंवा मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागात मुख्य कसोटी गाण्या-वाजवण्याचीच. मुलींना एसएनडीटीचा पर्याय आहे. बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात परफॉर्मिंग आर्ट्सची स्वतंत्र फॅकल्टी आहे आणि तिचं मूळ १८८६ साली गायक मौलाबक्षांनी चालवलेल्या गायनशाळेत आहे. मराठी मुलं तिथे पूर्वीपासून जातात. बनारस हिंदू विद्यापीठ आणि दिल्ली विद्यापीठ यांचा मामला वेगळा. तिथे आधी सीयूईटी (विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा) द्यावी लागते आणि मग प्रात्यक्षिक. दिल्लीच्या बी.ए. ऑनर्स संगीतात सीयूईटी आणि प्रात्यक्षिक यांना निम्मं-निम्मं वजन देतात. म्हणजे यमन कितीही सुरेख झाला तरी लेखीत मार खाल्लेला मुलगा मागे पडतो. कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत पदवी वगैरे काही नाही, सरळ गुरूकडे राहून शिकायचं. तिथे गाण्याखेरीज दुसरं काही चालत नाही.

खरी अडचण गुण विरुद्ध गाणं अशी नसतेच. अडचण असते महिन्यांची. पूर्वपरीक्षा डिसेंबर-जानेवारीत, त्यानंतर प्रात्यक्षिकं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, मग सीयूईटी साधारण मे महिन्यात आणि ऑडिशनं त्याच्या आसपास किंवा जून-जुलैत. सीयूईटीचा फॉर्मही बोर्डाच्या तोंडावर नाहीतर ऐन परीक्षेत निघतो. बोर्ड संपल्यावर ऑडिशनची तयारी करू असं म्हणणाऱ्याच्या हातात प्रत्यक्षात पाच-सहा आठवडे उरतात. तेवढ्यात बंदिश पाठ होते, राग बसत नाही.

म्हणून आम्ही मुलांना दिवाळी ही सीमा घालून देतो. बारावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ऑडिशनचे राग पक्के झालेले असले पाहिजेत. त्यानंतर मार्चअखेरपर्यंत नवीन काही घ्यायचं नाही, फक्त असलेलं टिकवायचं. इतिहासाचं प्रकरण आठ दिवसांत मार्कांपुरतं तयार करता येतं. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमावर आवाज स्थिर ठेवणं किंवा तबल्यावर तिरकिट चौपटीत सुटं वाजवणं आठ दिवसांत जमत नाही, कारण ते शरीराला शिकवावं लागतं. घोकंपट्टी शेवटच्या महिन्यावर ढकलता येते, रियाज ढकलता येत नाही.

किती राग, कोणते

ख्यालगायनासाठी तीन राग विलंबित (संथ लयीचा बडा ख्याल) आणि द्रुत (जलद लयीचा छोटा ख्याल) यांसह पूर्ण हवेत, आणि ते तीन वेगवेगळ्या प्रहरांचे. सकाळचा एक (तोडी, भैरव किंवा अल्हैया बिलावल), दुपारचा एक (भीमपलास किंवा वृंदावनी सारंग), संध्याकाळचा किंवा रात्रीचा एक (यमन, बिहाग). ऑडिशनचा नंबर साडेदहाला लागेल की साडेचारला हे आपल्या हाती नसतं. अवेळी राग गायला म्हणून कोणी हाकलून देत नाही, पण ‘सकाळचं काही नाही का?’ असं हमखास विचारतात, आणि तेव्हा ‘नाही’ म्हणणं वाईट दिसतं. याशिवाय पाच-सहा रागांत फक्त छोटा ख्याल, एखादा तराणा, आणि येत असेल तर एखादं नाट्यपद किंवा भजन. ते बहुधा शेवटी, मोकळेपणाने मागतात.

अनवट (क्वचित गायले जाणारे) राग नेण्याचा मोह टाळावा. जोगकौंस नीट होत असेल तर आनंदच आहे. पण परीक्षक त्यातला चंद्रकौंस आणि जोग वेगळा करून दाखवायला सांगतील, एवढं लक्षात असू द्यावं. त्यापेक्षा भूप घ्या आणि देशकार जवळ ठेवा. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर. भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार, देशकाराचा धैवत; भूप पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या भागात) रमतो, देशकार उत्तरांगात (वरच्या भागात). हा फरक तोंडी सांगणारी मुलं खूप असतात, गाऊन दाखवणारी कमी. तसंच मारवा-पुरिया-सोहनी हे त्रिकूट. परीक्षक हेच विचारतात, कारण पाठांतर कुठे संपतं आणि समज कुठे सुरू होते ते दोन मिनिटांत कळतं.

दहा मिनिटांचा हिशेब

ऑडिशनला साधारण दहा मिनिटं मिळतात असं धरून चाला. विलंबित एकतालाची मात्रा चार सेकंदांची ठेवली तर बारा मात्रांचं आवर्तन (तालाचा एक फेरा) ४८ सेकंदांचं होतं. म्हणजे सगळ्या दहा मिनिटांत जेमतेम बारा आवर्तनं! घरी अर्धा तास यमन गाणारी मुलं इथे फसतात. औचार (सुरुवातीची रागाची छोटी ओळख), स्थायी (बंदिशीचा पहिला भाग), दोन-तीन आलाप झाले की वेळ संपलेली असते आणि तान परीक्षकांच्या कानावर पडलेलीच नसते. आम्ही लय थोडी चढी ठेवायला सांगतो. मात्रा तीन सेकंदांची केली की आवर्तन ३६ सेकंदांवर येतं आणि पाच मिनिटांत आठ आवर्तनं बसतात : दोन स्थायीला, तीन आलापाला, एक अंतऱ्याला, उरलेली दोन बोलआलाप-बोलतानांना (बंदिशीचे शब्द घेऊन केलेल्या आलाप-तानांना). औचाराला मिनिटाच्या आत. मग द्रुत तीनताल, मिनिटाला दोनशे मात्रांच्या आसपास. तिथे सोळा मात्रांचं आवर्तन पाच सेकंदांपेक्षाही कमी वेळात संपतं, त्यामुळे तीन मिनिटांत तानांना भरपूर जागा मिळते.

हा आराखडा गुरूंशी बोलून बदलावा. काही घराण्यांत इतक्या चढ्या लयीत बडा ख्याल गाणं रुचणार नाही, आणि ते म्हणणंही रास्त आहे. पण मग काय गाळायचं ते आधी ठरवा. वेळ संपल्यावर आपोआप गळतं ते नेमकं तुमचं चांगलं असतं.

परीक्षक मध्येच थांबवतात. ‘बास, आता द्रुत घ्या.’ याचा अर्थ गाणं आवडलं नाही असा नसतो. त्यांना जे ऐकायचं होतं ते ऐकून झालेलं असतं आणि बाहेर रांग असते. मुलं मात्र इथे कोसळतात. म्हणून घरच्या सरावात कोणालातरी घड्याळ घेऊन समोर बसवावं आणि कुठल्याही आवर्तनात ‘बास’ म्हणायला सांगावं. त्याच आवर्तनात मुखडा (बंदिशीची सुरुवात) पकडून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं, तबलजीकडे बघून लय सांगायची आणि द्रुत सुरू. हे जमलं की खोलीतली निम्मी भीती जाते.

पट्टी आणि तबला

फॉर्म भरताना कोणी विचारत नाही, पण प्रत्यक्ष दिवशी सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. संस्थेकडे तबलजी असतात, पण प्रत्येक पट्टीचा (ज्या स्वराला ‘सा’ धरून गातो त्याचा) तबला असेलच असं नाही. मुलगी काळी चारमध्ये (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी) गाते, समोरचा तबला काळी एकला मिळवलेला आहे. काळी एक हा काळी चारचा शुद्ध मध्यम. मालकंस, बागेश्री, भीमपलास असेल तर प्रश्नच नाही, तबला मध्यमात सुखाने चालतो. पण यमन असेल तर तोच शुद्ध मध्यम तीव्र मध्यमाशेजारी सतत वाजत राहतो आणि कान हैराण होतात. काळी पाच असेल तर मध्यम काळी दोनवर येतो, हिशेब तोच. उपाय दोन. संस्थेत आधी फोन करून पट्टी सांगून ठेवावी, किंवा आपल्या पट्टीचा तबला सोबत न्यावा. तेही शक्य नसेल तर तीन तयार रागांपैकी मध्यम चालणारा राग आधी गायला घ्यावा.

तानपुरा मोबाइलवरचा चालतो, पण फोन एअरप्लेन मोडवर टाकून. मध्येच फोन वाजला की तानपुरा बंद पडतो आणि तुमचा षड्जही त्याच्याबरोबर जातो. एक छोटा स्पीकर आणि पूर्ण चार्ज केलेली बॅटरी सोबत असू द्या. आणि पहिल्या तारेचा स्वर रागाप्रमाणे बदला : यमनाला पंचम किंवा निषाद, मालकंसाला मध्यम, मारव्याला निषाद. मालकंस गायला बसून मागे पंचम वाजत ठेवणारा विद्यार्थी तोंड उघडण्याआधीच गुण गमावतो.

तबल्याचं थोडं वेगळं

तबलावादनात मुलं पेशकारात, म्हणजे सोलोच्या संथ सुरुवातीत, अडकतात. पेशकार छान चालला म्हणून सहा मिनिटं त्यातच रमायचं, मग कायद्याला (ठरलेल्या बोलांचा विस्तार) दोन आणि रेला, तुकडे, चक्रदार या पुढच्या जलद रचनांना फारसं काही उरत नाही. तीनतालात पेशकार दोन मिनिटं, एक कायदा तीन मिनिटं (पलटे मोजके, पण तिहाई स्वच्छ), रेला दीड मिनिट, बाकी तुकडे आणि एक चक्रदार. प्रत्येक गोष्टीची पढंत (बोल तोंडाने म्हणणं) हाताने ताल देत करता आली पाहिजे. वाजवता येतं पण म्हणता येत नाही, ही तक्रार सर्रास ऐकू येते. लेहरा (तबल्यासोबत सतत वाजणारी, ताल दाखवणारी धून) धरणारा तिथे मिळेलच असं नाही. स्वतःचं लेहरा ॲप वेगवेगळ्या लयींत लावून तयार ठेवा.

आणि एक प्रश्न जवळपास ठरलेला : ‘विलंबित एकतालाचा ठेका धर.’ वर्षभर सोलो घोकलेल्या मुलांचा ठेका इथे डगमगतो. दोन मात्रांमधली जागा भरायची कशी, बायाँची घुमक किती ठेवायची, हे गायकासोबत बसल्याशिवाय येत नाही. आठवड्यातून एकदा तरी एखाद्या गाणाऱ्या मैत्रिणीसोबत तासभर नुसता ठेका वाजवावा. तिचाही रियाज होतो.

बोर्डाचा महिना

या महिन्यात रियाज बंद करू नका, कमी करा. गाणाऱ्यांनी दिवसाला तीस-चाळीस मिनिटं : पंधरा मिनिटं खर्ज (खालच्या सुरांचा सराव), दहा मिनिटं पलटे (स्वरांच्या ठरलेल्या रचना) मध्यलयीत, उरलेला वेळ एकाच रागाचा आलाप. तानांना सुट्टी. दर दोन दिवसांनी राग बदला, म्हणजे तिन्ही राग जिवंत राहतात. तबलजींनी वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका, सगळं बराबर लयीत (दुगुन-चौगुन न करता), निकासाकडे (बोल हातातून कसा निघतो त्याकडे) लक्ष देऊन. सतारवाल्यांनी तर खाडा करूच नये. बोटांवरचे घट्टे दहा-बारा दिवसांत मऊ पडतात आणि मग मींड खेचताना कातडी सोलते. परत घट्टे पडेपर्यंत ऑडिशन येऊन ठेपते.

गाणाऱ्यांचं एक दुखणं फारसं कोणी लक्षात घेत नाही. आपल्याकडे मोठ्यानं वाचून पाठांतर करण्याची सवय आहे. दोन तास इतिहास मोठ्यानं घोकला की गळा तेवढाच थकतो जेवढा दोन तास गाऊन थकतो, उलट जास्तच, कारण तो स्वर चुकीच्या जागेवरून लावलेला असतो. कुजबुजत वाचणं हाही उपाय नाही, त्यानेही घसा ताणला जातो. या महिन्यात लिहून पाठ करावं. रात्री एकपर्यंत चहावर जागणं हेही थेट आवाजावर येतं : पित्त वर येतं आणि सकाळचा खर्ज खरखरतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी घसा कोरडा पडतो. डॉक्टरांना आपण गातो हे सांगून औषध घ्यावं. आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी रियाज नको. तो पेपर झाल्यावर, झोप काढून संध्याकाळी.

शाखा कोणती घ्यावी हा प्रश्न दहावीनंतरचा, पण त्याचा परिणाम इथे दिसतो. विज्ञान घेऊन जेईईच्या क्लासला जाणाऱ्या मुलाकडे संध्याकाळ उरतच नाही. संगीत नक्की असेल तर कला शाखा घ्या, आणि जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात संगीत विषय असेल तर तोच घ्या. सीबीएसईत हिंदुस्थानी संगीताला अकरावी-बारावीत ३० गुण लेखीला आणि ७० प्रात्यक्षिकाला आहेत; म्हणजे रियाजाचेच मार्क मिळतात. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देणारेही आहेत. त्यात वेळ मोकळा मिळतो खरा, पण नोंदणीची मुदत वर्षाच्या सुरुवातीलाच निघून जाते आणि अंतर्गत गुणांची व्यवस्था केंद्राकडे जाऊन समजून घ्यावी लागते. शिस्त नसलेल्या मुलाच्या हाती हा मोकळा वेळ देऊ नये.

गांधर्वच्या परीक्षा आणि सीयूईटी

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. बारावीच्या वर्षी नोव्हेंबरचं सत्र सरळ सोडून द्या. ते पूर्वपरीक्षेवर आदळतं. मध्यमा पूर्ण ही परीक्षा अकरावीच्या एप्रिल-मेमध्ये उरकलेली असावी. बारावीच्या एप्रिल-मेमध्ये विशारद प्रथम या पुढच्या परीक्षेला बसण्याची घाई बरेच जण करतात, पण त्याच वेळी सीयूईटी आणि ऑडिशन असतात आणि तिन्हींचं भजं होतं. प्रमाणपत्रामुळे फॉर्मवर एक ओळ वाढते. खोलीत मात्र कोणी प्रमाणपत्र बघत नाही, समोर बसलेला माणूस सूर बघतो. शास्त्रीय कलेच्या परीक्षांमुळे मिळणारे वाढीव गुण हे दहावीपुरते आहेत, अकरावीच्या प्रवेशाला उपयोगी. संगीताच्या ऑडिशनमध्ये त्यांचा संबंध नाही.

गांधर्वचा अभ्यास एका बाबतीत मात्र फार कामाला येतो. सीयूईटीत प्रत्येक विषयाला ५० प्रश्न, ६० मिनिटं; बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं की १ वजा. परफॉर्मिंग आर्ट्स हा विषय घेतला तर नाद, श्रुती, थाट, राग-जाती, ताल, ग्रंथ, घराणी हेच सगळं येतं, आणि ते मध्यमा-विशारदच्या शास्त्रात झालेलं असतं. प्रश्नपत्रिका मराठीतही मागता येते. ‘संगीत रत्नाकर’ लिहिणारा शारंगदेव देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला होता, तेव्हा तेवढा एक प्रश्न तरी मराठी मुलांचा चुकू नये.

चूक होते ती स्वरलेखनात. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा टिंब म्हणजे तार सप्तक, आणि पलुस्कर पद्धतीत तोच टिंब म्हणजे मंद्र. भातखंड्यांची उभी रेघ मध्यमाला तीव्र करते, पलुस्करांची उभी रेघ स्वर तार सप्तकात नेते. दोन्ही पद्धती आळीपाळीने वाचलेली मुलं घाईत उत्तर उलटं लिहितात. एक पान घेऊन दोन्ही चिन्हं समोरासमोर मांडा आणि टेबलावर चिकटवा.

व्हिडिओ मागितला तर

काही संस्था पहिली चाळणी ध्वनिचित्रफितीवर करतात. एकसलग, न कापता, चेहरा आणि हात दोन्ही दिसतील असं चित्रण हवं. फोन आडवा, छातीच्या उंचीवर, दोन मीटरवर. तानपुरा फोनच्या मागे ठेवा, पुढे ठेवलात तर आवाजावर चढतो. पंखा बंद. प्रतिध्वनीचा परिणाम घालू नका. त्याने सूर गोड लागतो आणि परीक्षकांना संशय येतो. हे चित्रणही दिवाळीतच करून ठेवावं. आवाज तेव्हा सर्दीच्या आधीचा असतो, आणि मार्चमध्ये नवीन चांगलं झालं तर बदलता येतं.

कागद

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमी लेअर, गांधर्वच्या गुणपत्रिका, गुरूंचं पत्र. गांधर्वचं मूळ प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, तोवर गुणपत्रिकेवर काम चालवावं लागतं. घरची परिस्थिती बेताची असेल तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती बघून ठेवा : वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यासाठी गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं, म्हणून कुठल्या वर्षी कोणाकडे शिकलो हे आतापासून लिहून ठेवावं.

दोन ठिकाणी नाव लागलं की गडबड होते ती मूळ दाखल्याची. तो एकच असतो. पहिल्या यादीत पुण्यात नाव आलं म्हणून दाखला जमा केला, आणि आठवड्याने बडोद्याला किंवा बनारसला नाव आलं, तर तो परत मिळवायला अर्ज, शुल्ककपात आणि चकरा. जमा करण्याआधी प्रवेश रद्द केल्यास किती पैसे परत आणि दाखला किती दिवसांत, हे लेखी विचारून घ्या. राज्याबाहेर जाणार असाल तर बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. त्याचा अर्ज निकाल लागल्या आठवड्यातच टाका, कारण जुलैत सगळा महाराष्ट्र त्याच रांगेत असतो.